सगळे

१

दर गुरुवारी सकाळी आठ वाजता विलारोजाच्या चौकात, कारंज्यापाशी, आम्ही पाच निवृत्त माणसं सायकली घेऊन जमतो. कारंज्याला पाणी नसतं. तुमच्यातही फारसं उरलेलं नाही, असं मागी म्हणतो. मागी गावचा न्हावी होता. चाळीस वर्षं लोकांची डोकी हातात धरून बोलल्यामुळे, समोरचा माणूस उठून जाऊ शकतो हे त्याच्या अजून ध्यानात येत नाही.

रस्ता ठरलेला आहे. चौकातून खाली सिउराना नदीपर्यंत उतार, मग जुना पूल, मग द्राक्षमळ्यांतून तीन किलोमीटर चढ. चढ संपतो तिथे संत बार्बराचं चिमुकलं चॅपेल आणि त्याला वळसा घालणारं अवघड वळण. तिथून पुढे सात किलोमीटरवर दोलोर्सची खाणावळ. आमच्याकडे न्याहारी म्हणजे काटा-सुरी लागेल अशी: पांढरा घेवडा, भाजलेलं सॉसेज, टोमॅटो चोळलेला पाव आणि वाईन. डॉक्टरला आम्ही यातली फक्त सायकल सांगतो.

या दरीत सायकलवर भटकायला दुरून दुरून माणसं येतात. त्यांच्या सायकली आमच्या हाडांपेक्षा हलक्या असतात. चढाचे, मळ्यांचे, पाटीसारख्या काळ्या दगडाचे ते फोटो काढतात आणि एकटेदुकटे पुढे निघून जातात. आम्ही मात्र रांगेनेच जातो, आणि रांगेला एक नियम आहे.

हा नियम सायकलींचा नाही, खेचरांचा आहे. आमचे आजोबा-पणजोबा उभ्या उतारावरून द्राक्षांच्या करंड्या लादलेली खेचरं खाली आणायचे, तेव्हा वळणावर पहिला माणूस थांबून ओरडायचा, ‘सगळे?’ आणि रांगेतला शेवटचा माणूस, शेवटचाच, दुसरा कोणी नाही, उत्तर द्यायचा, ‘सगळे.’ त्यानंतरच पहिला पाऊल टाकायचा. मधल्या कोणी हे उत्तर द्यायचं नाही. गावात याच्याइतकं पवित्र मानलं गेलेलं दुसरं काही मला आठवत नाही. चर्चमध्ये तरी लोक डुलक्या काढतात.

पुढे असतो ओलेगेर. त्याने तीस वर्षं बस चालवली. त्याच्या हिशेबी आम्ही अजून प्रवासी आहोत. त्याच्यामागे दोघे भाऊ, जे फक्त एकमेकांशी बोलतात. मग मागी. शेवटी मी, फेलिउ, गावच्या कचेरीतला जन्ममृत्यूच्या नोंदींचा निवृत्त कारकून. माझ्या निळ्या जर्सीच्या पाठीवर एक तपकिरी ठिगळ आहे. बायको गेल्यानंतर मी ते स्वतः लावलं, लाल दोऱ्याने. मागी म्हणतो, ते पाहून मागची गाडीसुद्धा हळू होते. मी ते पाठीवर असताना कधी पाहिलेलं नाही.

शेवटची जागा मुळात माझी नव्हे. ती एवारिस्तची होती. गेल्या ऑक्टोबरात तो त्या वळणापाशी खाली कोसळला, आणि मी एक जागा मागे सरकलो.

यंदा सप्टेंबरात, द्राक्षतोडणीच्या दिवसांत, खाणावळीत बसल्या बसल्या ओलेगेरने पाव मोडता मोडता विचारलं, “फेलिउ, तू हल्ली दोनदा का म्हणतोस रे?”

“काय दोनदा?”

“सगळे. एकदा म्हटलंस तरी ऐकू येतं आम्हाला. बहिरा तू आहेस.”

“मी एकदाच म्हणतो.”

“दोनदा म्हणतोस,” ओलेगेर म्हणाला. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली, म्हणजे त्यांचंही हेच मत होतं.

 मागी मन लावून घेवडा खात होता. मागी गप्प बसून खातो, ही गोष्ट मी त्याच वेळी लक्षात ठेवायला हवी होती.

२

आता त्या दिवसाबद्दल. मी नोंदी ठेवणारा माणूस आहे, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो.

गेल्या वर्षी, ऑक्टोबरचा शेवटचा गुरुवार. आम्हाला उशीर झाला होता. एवारिस्त चढावर मागे पडला. त्याला वाटेत अंजिराचं झाड दिसलं की थांबायची खोड होती. हंगाम संपला तरी एखादं चुकार फळ राहिलं असेल अशी आशा बाळगणारा माणूस. चॅपेलपाशी ओलेगेरने हाक दिली, “सगळे?” मागून उत्तर आलं नाही. मी शेवटून दुसरा. वारा बोचरा होता, पोटात कावळे ओरडत होते, आणि दोलोर्सने त्या दिवशी डुकराच्या पायांचा रस्सा करायचं कबूल केलं होतं.

मी म्हटलं, “सगळे.”

मी मागे वळून पाहिलं नाही. हे मी लेखी द्यायला तयार आहे.

खाणावळीत एवारिस्तची ताटली थंड झाली तेव्हा आम्ही परत फिरलो. तो वळणाखालच्या घळीत, तीन बांध खाली, द्राक्षाच्या वेलींत पडलेला होता. वळणाच्या अलीकडून पडला की पलीकडून, हे तिथून कोणालाच सांगता येईना. डॉक्टर म्हणाला, लगेच गेला असेल, किंवा थोड्या वेळाने. डॉक्टरला विचारलं की असंच उत्तर मिळतं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी सांगितलं, की एवारिस्तने मागून उत्तर दिलं होतं. वाऱ्यामुळे ते पुढे पोचलं नाही, म्हणून मी फक्त पुढे दिलं. आवाज खणखणीत होता. वळणापर्यंत तो ठणठणीत होता.

हे वाक्य मी चांगलं रचलं होतं. नेऊसला, त्याच्या बायकोला, ते इतकं पुरलं की ती त्यावर उभी राहिली. वळणापर्यंत ठणठणीत होता. म्हणजे पडला तो नंतर, अचानक. म्हणजे त्याला काही कळलं नाही. म्हणजे तो तिथे पडून कोणाची वाट पाहत राहिला नाही. दफनभूमीच्या भिंतीत त्याची शवपेटी ठेवली त्या कोनाड्यावरच्या दगडावर तिने नाव, दोन तारखा आणि खाली एकच शब्द कोरून घेतला. सगळे. त्याचा शेवटचा शब्द म्हणून.

दफनाच्या वेळी पाद्री म्हणाले, “एकाहत्तर वर्षांचं समाधानी आयुष्य.” मी भर चर्चमध्ये मोठ्याने म्हटलं, “बहात्तर.” माझा इलाज नाही. चुकीची नोंद कानावर पडली की माझं तोंड माझी परवानगी घेत नाही. ओलेगेरने कोपराने ढोसलं. नेऊस मात्र माझ्याकडे पाहून त्या दिवशी पहिल्यांदा थोडी हसली. “फेलिउ चुकीचं काही राहू देत नाही,” ती शेजारणीला म्हणाली.

मी आणि नेऊस शाळेत एका बाकावर होतो. तिला सांगितलेल्या त्या एका वाक्यात मी आजवर दुरुस्ती केलेली नाही.

३

ओलेगेरच्या त्या बोलण्यानंतरच्या गुरुवारी मी कान देऊन चढ चढत होतो.

सायकलच्या मागच्या चाकाचा एक आवाज असतो. पाय थांबवले की ते टिकटिकतं. पेडल मारत असलात की गप्प. म्हणून उतारावर सगळी रांग टिकटिकते आणि चढावर फक्त श्वास ऐकू येतात. माझ्या चाकातला एक दात झिजलेला आहे. सात वेळा टिक होतं आणि आठव्या ठिकाणी पोकळी येते. ते दुरुस्त करायचं मी चार वर्षं ठरवतो आहे.

दुसऱ्या किलोमीटरला, जिथे रस्ता सर्वांत उभा आहे, तिथे मला मागून टिकटिक ऐकू आली. सात, आणि पोकळी. सात, आणि पोकळी.

मी पेडल मारत होतो. घामाने डोळे चुरचुरत होते. त्या चढावर जो पाय थांबवेल तो तीन सेकंदांत आडवा पडेल. पाय न हलवता तो चढ कोणी चढूच शकत नाही.

मी मागे पाहिलं. काळा दगड, पिवळी पडू लागलेली पानं, रिकामा रस्ता. दूर खाली पूल आणि त्यावर कोणाची तरी पांढरी व्हॅन. मी पुढे पाहिलं, आणि टिकटिक पुन्हा होती.

श्रवणयंत्र, असं मी ठरवलं. ते मुलीने रेउस शहरातून आणून दिलं आहे, आणि त्यातून कधी कधी शेजाऱ्यांचा रेडिओही ऐकू येतो. मी ते कानातून काढून खिशात टाकलं. श्वास, चेन, वारा, सगळं विझलं. टिकटिक राहिली.

वळणाआधी मी यंत्र पुन्हा कानात घातलं, आणि ओलेगेरची हाक आली. मी एकदा म्हटलं, अगदी मोजून एकदा, “सगळे.” मागून काही ऐकू आलं नाही.

खाणावळीत ओलेगेर म्हणाला, “आज पुन्हा दोनदा.”

तेव्हा माझा संशय पक्का झाला. अर्थात माणसांवर. दुसरं तिसरं काही माझ्या डोक्यात येत नाही. मृतांच्या नोंदी मी छत्तीस वर्षं केल्या आणि त्यांतला एकही हरकत घ्यायला परत आला नाही. मागी माझ्या लगेच पुढे असतो. एवारिस्त गेला त्या दिवशीही होता. मागी गावातल्या कोणाचीही नक्कल करतो; पाद्रींची करतो तेव्हा बायका छातीवर क्रूसाची खूण करतात. त्या दिवशी मागून कोणतंही उत्तर आलं नव्हतं, हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक असेल तर त्यालाच. हे सगळे मिळून मला खेळवत होते. माझ्या तोंडून काढून घ्यायचं होतं.

४

मग मी एक चाचणी घेतली. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या गुरुवारी वळणावर हाक आली, “सगळे?” आणि मी तोंड मिटून घेतलं.

माझी नजर मागीच्या मानेवर होती. नक्कल करताना त्याच्या मानेची शीर फुगते, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. शीर फुगली नाही. तो मान खाली घालून धापा टाकत होता.

“सगळे,” माझ्या मागून कोणीतरी म्हणालं.

जवळून. हात मागे केला असता तर लागला असता, इतक्या जवळून. मी एवारिस्तचा आवाज ओळखतो. तो जाड होता, आणि शब्दाच्या शेवटी हसायच्या बेतात असायचा. हा तसा नव्हता. हा एका घाईत असलेल्या माणसाचा कोरडा, चिडका आवाज होता. दारावर आलेल्याला ‘साहेब जेवायला गेलेत’ असं सांगावं तसा.

पुढची रांग उताराला लागली. मीही सुटलो, आणि त्या सात किलोमीटरांत मागे एकदाही पाहिलं नाही. या वयात आणि त्या वेगात मागे पाहणं शहाणपणाचं नसतं, असं मी स्वतःला समजावलं.

खाणावळीत मी सरळ विचारलं. “मागी, तू मागून कसा बोलतोस?”

“मागून?” मागीने काटा खाली ठेवला. “मी पुढून बोलतो ते तरी कोण ऐकतं?”

“माझी थट्टा चालवली आहेस. कबूल कर.”

“तुझी थट्टा करायची तर मी तोंडावर करतो, लेका. बघायची आहे?” आणि त्याने जागेवर ताठ बसून, नाक वर करून, सॉसेजचं साल सुरीने सोलून ताटलीच्या कडेला सरळ रेषेत मांडलं, जसं मी मांडतो. दुसरं साल पहिल्याला समांतर. मग ओठ आवळून म्हणाला, “सगळे.”

सगळे हसले. दोघे भाऊ तर एकमेकांच्या खांद्यावर पडले. दोलोर्स स्वयंपाकघरातून ओरडली, “फेलिउ, तुम्ही मला हाक मारलीत का हो?”

मी हसलो नाही. कोरडा, चिडका, घाईतला. वळणावर ऐकला तो हाच आवाज.

“मी असा बोलतो?” मी विचारलं.

“माणसाला स्वतःचा आवाज ठाऊक नसतो,” मागी म्हणाला. आणि मग हसणं थांबवून, माझ्याकडे न पाहता, “त्या दिवशीही तू असाच म्हणाला होतास. मी लगेच पुढे होतो, फेलिउ. मला एवारिस्तचं काही ऐकू आलं नाही. पण तू म्हणालास की आलं, म्हणजे आलं असेल.”

ओलेगेरने वाईनची सुरई उचलून पुढे केली. “खा रे. निवतंय.”

५

वर्षदिनाच्या दोन दिवस आधी, दुपारी, नेऊस माझ्याकडे आली. हातात अंजिराच्या मुरंब्याची बाटली होती.

“परवा मी गाडीने खाणावळीत येते,” ती म्हणाली. “तुमच्यात बसेन. त्याच्या जागेवर नाही, घाबरू नकोस. कोपऱ्यात.”

“ये की. दोलोर्सला सांगून ठेवतो.”

ती बसली नाही. खिडकीपाशी उभी राहून बाटलीचं झाकण उगाच घट्ट करत राहिली.

“फेलिउ, एक मागू? त्याचा आवाज हल्ली मला येईनासा झालाय. चेहरा येतो, चालणं येतं, घोरणं तर इतकं येतं की मी त्याला लाथ मारते. पण आवाज गेला. तो शेवटचा तू ऐकलास. कसा म्हणाला तो? एकदा म्हणून दाखव.”

मी म्हटलं, मला नकला जमत नाहीत, त्या मागीकडे.

“मागीने ऐकला नाही. तू ऐकलास.”

मी घसा साफ केला. एवारिस्तचा आवाज आठवला. जाड, शेवटी हसायच्या बेतातला. आणि म्हटलं, “सगळे.”

नेऊसने झाकणावरचा हात काढला.

“हा तर तूच आहेस,” ती म्हणाली.

ती गेल्यावर मी दार लावलं आणि ठरवलं, की परवा सांगून टाकायचं. खाणावळीत, सगळ्यांसमोर, जेवण व्हायच्या आधी. एक दुरुस्ती, एवढंच. मग माझ्या डोक्यातली चक्रं फिरायला लागली. दुरुस्तीनंतर तिच्याकडे काय राहील? दगडावरचा तो शब्द पुसता येत नाही. तो कोणाचा आहे हे कळल्यावर ती त्या दगडासमोर फुलं घेऊन कशी उभी राहील? संध्याकाळपर्यंत माझं मत तीन वेळा बदललं. मुरंबा उत्तम होता.

६

वर्षदिनाचा गुरुवार स्वच्छ उजाडला. वेली लाल झाल्या होत्या. वारा समोरून होता. चौकात कोणी फार बोललं नाही. मागीसुद्धा.

चढावर टिकटिक नव्हती. मी मनात म्हटलं, झालं, संपलं. आज सांगायचं ठरवलं म्हणून संपलं. अडाण्यासारखा विचार होता, पण चढावर बरा वाटला.

वळणाच्या दोनशे मीटर अलीकडे, अंजिराच्या झाडापाशी, माझी चेन उतरली.

मी “थांबा” म्हटलं असेन, पण श्वास नव्हता. खाली उतरून सायकल उलटी केली. चेन दात्यांच्या आणि चौकटीच्या मध्ये अडकली होती. बोटं काळी झाली. वर चॅपेलपाशी ओलेगेर थांबलेला मला दिसत होता. मी निश्चिंत होतो. नियम आहे. शेवटच्याच्या उत्तराशिवाय ओलेगेर हलणार नाही.

“सगळे?” ओलेगेर ओरडला.

“सगळे,” उत्तर आलं. कोरडं, घाईतलं. या वेळी माझ्या मागून नाही. पुढून.

आणि रांग हलली.

तिथे दरी अशी आहे, की वळण घेतल्यावर रस्ता घळीला वळसा घालून समोरच्या उतारावर पुन्हा दिसतो. मी चेन हातात धरून पाहत राहिलो. लाल वेलींमधून एकेक सायकल बाहेर आली. ओलेगेर. एक भाऊ. दुसरा भाऊ. मागी. आणि मागीच्या मागे पाचवा, निळ्या जर्सीतला, खांदे जरा पुढे काढून चालवणारा. मला वाटलं, हा कोण म्हातारा? इतका वाकलेला? त्याच्या पाठीवर एक तपकिरी चौकोन होता. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, त्यामुळे ओळखायला वेळ लागला. लाल दोरा एवढ्या लांबून दिसणं शक्य नव्हतं. मला तो दिसला.

मी कठड्यापाशी गेलो. खाली घळ होती, तीन बांध, वेली. मी पूर्ण ताकदीने ओरडलो, “अरे ए!”

वारा समोरून होता. तरी शेवटच्याने मान किंचित वर केली.

मी पुन्हा ओरडलो.

त्याने मान खाली घातली आणि जोरात पेडल मारायला लागला. मागे पाहिलं नाही.

७

चेन बसवायला पंधरा मिनिटं लागली. पुढचे सात किलोमीटर मी कसे गेलो ते सांगता येणार नाही. खाणावळीच्या भिंतीला चार सायकली टेकवलेल्या होत्या. पाचवी मी टेकवली. बाजूला नेऊसची छोटी पांढरी गाडी उभी होती आणि ती आत बसलेली होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, इंजिन बंद. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी आत गेलो.

कोणी ‘कुठे होतास’ म्हटलं नाही. दोलोर्स ताटल्या उचलत होती. माझ्या हातांकडे पाहून म्हणाली, “हात धुवायला गेलात आणि काळे करून आलात?” पण नेहमीसारखी हसली नाही.

माझी खुर्ची मागे सरकवलेली होती. समोर ताटली होती, अर्धी खाल्लेली. कडेला सॉसेजची दोन सालं सरळ रेषेत मांडलेली. एकमेकांना समांतर.

“ही कोणी...” मी म्हटलं. “मागी, हे तू केलंस?”

मागीने नकारार्थी मान हलवली. त्याचे डोळे लाल होते. त्या माणसाला मी आयुष्यात असं पाहिलं नव्हतं. “बस झालं आता, फेलिउ,” तो म्हणाला. “एक वर्ष थांबलास. अजून एक दिवस थांबला असतास. तिला एकटीला गाठून सांगितलं असतंस.”

“मी काय सांगितलं?”

दोघे भाऊ, जे कधी दुसऱ्या कोणाशी बोलत नाहीत, त्यांतला थोरला म्हणाला, “आमच्याकडून पुन्हा वदवून घेऊ नकोस.”

ओलेगेर उठला. हेल्मेट घातलं. “आम्ही निघतो,” तो म्हणाला. “तू ये नाहीतर नको येऊ.”

मी बाहेर आलो. सगळ्यांत आधी एक विचार आला, आणि त्याची मला लाज वाटत नाही, कारण छत्तीस वर्षांची सवय आहे: कोणी, कोणाच्या नावावर, काय नोंदवलं? ज्याने सांगितलं तो मी नव्हतो. ते नाकारता आलं असतं. मी म्हणू शकलो असतो, नेऊस, मी तर आत्ता पोचलो, हे बघ माझे हात. मागीने नक्कल केली, म्हणू शकलो असतो. तिने विश्वासही ठेवला असता. फेलिउ चुकीचं काही राहू देत नाही.

मी गाडीच्या खिडकीवर बोट वाजवलं. तिने काच खाली केली.

“तू मागे पाहिलं नाहीस,” नेऊस म्हणाली. ती समोरच्या भिंतीशी बोलत होती. “त्याने उत्तरच दिलं नव्हतं. तू दिलंस. हे मला मागीच्या तोंडावरून केव्हाच कळलं होतं, फेलिउ, मी काही खुळी नाही. तरी मी तो दगड करून घेतला. मला लागत होता.”

मी खिडकीची कड धरली; तिच्यावर माझी काळी बोटं उमटली.

“पण दुसरं मला माहीत नव्हतं. आत्ता घास चावत चावत सांगितलंस ते. की तुला ऐकू आलं होतं. खालून. त्याने हाक मारली ती.”

मागे, रस्त्यावर, सायकलींचे ब्रेक सुटल्याचे आवाज झाले. “सगळे?” ओलेगेर ओरडला. मी उत्तर दिलं नाही. माझ्या पाठीमागे, गाडीच्या पलीकडून, कोणीतरी उत्तर दिलं, आणि चाकं उताराला लागली. सात वेळा टिक, आणि पोकळी. मी वळलो नाही.

मी मागे वळून पाहिलं नाही, एवढंच मी वर लिहिलं आहे. ऐकलं नाही असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तपासून पाहावं.

नेऊसने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर अजून थोडीशी जागा होती. मी ‘खोटं आहे ते’ म्हणावं, एवढीच. मी तोंड उघडलं तेही त्यासाठीच.

“एकदा हाक मारली, म्हणालास,” ती म्हणाली. “एकदाच?”

“दोनदा,” मी म्हटलं.